सहाचा ठसा

मी हजेरीचं घड्याळ बोलतोय. कार्ड तोंडात सरकवलं की वेळेचा ठसा मारायचा, एवढीच माझी अक्कल. तरी दोन देशांच्या श्रमांचा इतिहास माझ्या जबानीवर लिहिला गेलाय.

माझा जन्म जर्मनीतला. पहिली अकरा वर्षं तिथल्याच एका पंपांच्या कारखान्यात गेली. कामगार मंडळाच्या केटलरबाई चार वाजता माझ्याजवळ उभ्या राहायच्या.

"काय रे डिटमार, बायकोने घरातून हाकललंय का?"

"दहा मिनिटांचं काम उरलंय, बाई."

"मग ते उद्या कर. आज तू फुकट राबलास, की उद्या मालक मलाही राबवेल. चल, ऊठ."

डिटमार निमूट उठायचा. चार वाजून दोन मिनिटांनी कारखान्यात मी एकटा.

मग कंपनीने मला जपानला, ओसाकातल्या भागीदाराकडे धाडलं. तिथे विभागप्रमुख नागामिनेसाहेब उठल्याशिवाय कुणी उठायचं नाही, आणि साहेबांना घरी जायची फारशी हौस नव्हती. पण जादा तास कागदावर आले तर वरून विचारणा होणार. यावर हिरायामाबाई नावाच्या कारकुनिणीने मायेने तोडगा काढला. सहाच्या ठोक्याला बावीस कार्डांचा गठ्ठा घेऊन ती माझ्यापुढे यायची.

"तुम्ही बसा हो, कशाला उठताय? मी मारते सगळ्यांचे ठसे."

ठसे घरी जायचे, माणसं खुर्चीत राहायची.

एकदा एक अभ्यासक आले. विकसित देशांत कामाचे तास वेगवेगळे का, हा त्यांचा विषय. करांमुळे, सुट्ट्यांमुळे, की भातशेतीच्या जुन्या सवयीमुळे, यावर त्यांनी चहा घेत पुष्कळ चर्चा केली. शेवटी माझे आकडे उतरवून घेतले आणि दोन्ही देशांतली तफावत झपाट्याने कमी होतेय असा निष्कर्ष काढला. खुर्च्यांकडे बघायला त्यांना सवड झाली नाही. त्यांचेही कामाचे तास ठरलेले असणार.

त्या बावीस जणांतला एक कुवाबारा. आराखडे काढायचा. एका गुरुवारी तो टेबलावरच कोसळला आणि दवाखान्यात गेला तो परतलाच नाही. कामाच्या ताणाने नवरा गेला, असा अर्ज त्याच्या बायकोने, तोमोएने, श्रम कार्यालयात केला. अधिकारी चौकशीला आले, तीही आली. नागामिनेसाहेब कमरेत वाकले आणि कार्डं पुढे ठेवली.

"वहिनी, दुःख आम्हालाही आहे. पण ते रोज सहाला निघायचे. पुढे कुठे जायचे, ते आम्ही कसं सांगणार?"

तोमोएने शेवटचं कार्ड उचललं. पर्समधून दवाखान्याचा कागद काढून त्याच्या शेजारी ठेवला. दाखल केल्याची वेळ, दुपारी चार पन्नास.

"गुरुवारी पण सहालाच निघाले का हो?" तिने हळूच विचारलं.

कार्डावर गुरुवारचाही ठसा सहाचाच होता. हिरायामाबाईने तोंडावर हात धरला. त्या गडबडीतही तिने गठ्ठा चुकवला नव्हता.

"सगळ्यांची कार्डं काढा," अधिकारी म्हणाले. "आणि ते घड्याळही."

अर्ज मंजूर झाला. मी आता श्रम कार्यालयाच्या कपाटात आहे, गळ्यात पुराव्याची चिठ्ठी. यापुढे कोणत्या देशात माणूस किती राबतो हे मोजायला निघालात, तर कृपा करून मला विचारू नका. तोमोएला विचारा, तिने रोज रात्री सूप किती वेळा गरम केलं ते.