आतड्याचा रुसवा

आमचे हे टॉवर क्रेन चालवतात. जेवून वर केबिनमध्ये बसले, की थोड्याच वेळात यांना लघवी लागायची. हे शिडीने खाली उतरून पुन्हा वर चढेपर्यंत सळयांची मोळी हवेत लटकत राहायची आणि खालची माणसं शिव्या देत उभी. साहेबांनी शेवटचं बजावलं, "पुन्हा उतरलास तर वर दुसरा माणूस बसेल."

नणंद नर्स आहे. ती म्हणाली, "वहिनी, खारट घास आतड्यात पोचला की आतडं संप्रेरक सोडतं. ते रक्तातून मूत्रपिंडाला आगाऊ वर्दी देतं, मीठ येतंय, बाहेर काढायच्या तयारीला लाग."

म्हणजे चुगलखोर आतडं होतं तर! मग त्याला कळूच द्यायचं नाही, असं मी ठरवलं. घरात चोरून जेवण सुरू झालं. भांडं वाजवायचं नाही, मचमच करायची नाही. प्रत्येक घासाला मी यांच्या पोटाला सांगायची, "काही नाही हो, नुसती हवा आहे." नणंदेने कपाळावर हात मारला. पण मात्रा लागू पडली! हे दिवसभर वर बसले. साहेबांनी पाठ थोपटली.

संध्याकाळी मात्र लघवी नाही. सकाळीही नाही. नणंदेचा चेहरा उतरला. "आता थांबायचं नाही. दवाखान्यात न्यायचं." नोकरी वाचवायच्या नादात मी नवराच घालवायला निघाले होते.

सासूबाई पुढे आल्या. रुसण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नाही. त्यांनी यांच्या पोटाला कान लावला.

"रुसलंय. दारावरून जेवण गेलं आणि यालाच सांगितलं नाही. जिने लपवलं तिने माफी मागायची. मनापासून."

मी गुडघ्यांवर बसले. "चुकलं माझं. घरातली गोष्ट तुम्हाला आधी सांगायला हवी होती. तुम्हाला काय कळतंय, असं म्हणून आम्ही परस्पर सगळं ठरवत गेलो." बोलता बोलता मला रडू फुटलं. मी पोटाकडे बघतच नव्हते, सासूबाईंकडे बघत होते. त्यांचेही डोळे भरले.

पोट गुरगुरलं. हे उठून मोरीकडे धावले. आतून आवाज आला तेव्हा नणंदेने मला मिठीच मारली.

"पण आता क्रेनचं काय?" ती म्हणाली.

मी म्हटलं, "आई, तुम्ही सांगा."

सासूबाईंनी घसा साफ केला. "वर जाताना एक रिकामी बाटली दे त्याच्याजवळ. मी पहिल्या दिवशीच सांगणार होते. कुणी विचारलंच नाही."