डाव्या विंगेतला पेटारा

मित्रांनो, मी एक जुना पेटारा आहे. खोका म्हणू नका, मला राग येतो. खोक्यात कांदेही ठेवतात. माझ्यात राजाचा अंगरखा, न्यायाधीशाचा झगा आणि भिकाऱ्याच्या चिंध्या वर्षानुवर्षे गुण्यागोविंदाने नांदल्या आहेत.

मला एका नाटक कंपनीच्या सुताराने घडवले. बिचारा आयुष्यभर खोटी दारे आणि खोट्या खिडक्या करून कंटाळला होता. मला करताना म्हणाला, "चला, एकदाची खरी वस्तू करायला मिळाली!" त्या आनंदात त्याने फळ्या जाड घेतल्या, कोपऱ्यांना लोखंडी पट्ट्या ठोकल्या आणि झाकण इतके जड केले की दोन्ही हातांशिवाय ते उचलताच येत नाही. मला त्या झाकणाचा फार अभिमान होता. पुढे त्याचीच धास्ती वाटू लागली.

स्वस्थ बसणे माझ्या नशिबी नव्हते. आज या गावात प्रयोग, उद्या त्या गावात. मालमोटारीत चढवा, उतरवा, जिन्यावरून ओढा. रंगमंचाच्या बाजूला, पडद्याआडच्या विंगेत मला ठेवत, म्हणजे नटांना झटपट कपडे बदलता येत. कपड्यांची सगळी व्यवस्था मावशीकडे होती. तोंडात टाचण्या धरून ती सगळ्यांना ओरडायची, आणि एकही टाचणी खाली पडायची नाही.

आमच्या मुख्य नटीला सगळे बाई म्हणत. मूल पोटात असतानाच बाईंचा नवरा आजारपणात गेला. मुलगी झाली, तिचे नाव काहीही असो, मावशी तिला चिमणी म्हणायची. चिमणीला सांभाळायला घरी कुणी नव्हते. आणि कंपनीच्या मालकांचा नियम कडक होता. "विंगेत पोर दिसलं, तर आई आणि पोर दोघंही घरी!" बाईंचे घर त्यांच्या कामावरच चालत होते.

मग मावशीने युक्ती काढली. प्रयोगाला कपडे बाहेर निघाले की मी जवळजवळ रिकामा व्हायचो. तिने माझ्या तळाशी मऊ शाली अंथरल्या आणि दूध पिऊन झोपलेल्या चिमणीला त्यावर ठेवले. झाकण उघडे ठेवावे तर मालकांना दिसणार, बंद करावे तर पोर गुदमरणार. म्हणून तिने टाच तुटलेला एक बूट झाकणाखाली अडकवला. हवा आत, पोर आत, आणि मालक अंधारात!

एका तालमीत तो बूट निसटला. धाडकन झाकण पडले. बाई आपले वाक्य अर्धवट टाकून धावल्या, झाकण उचलले. चिमणीला काही झाले नव्हते, ती फक्त दचकून जागी झाली होती. बाईंनी मात्र तो बूट चार वेळा दाबून बघितला. "उंदीर दिसला," असे त्यांनी मालकांना सांगितले. त्या दिवसापासून माझाही जीव टांगणीला लागला.

आता तिसऱ्या अंकाचे ऐका. त्या नाटकात बाई एका कैद्याची बायको व्हायच्या. नवऱ्याच्या खटल्याचा निकाल यायचा आहे, ती घरात एकटी वाट बघते आहे, असा प्रसंग. लेखकाने लिहिले होते, 'ती खुर्चीत बसून राहते.' पण नेमके त्याच वेळी मावशी पलीकडच्या विंगेत न्यायाधीश आणि शिपायांना कपडे चढवत असायची. माझ्याजवळ कुणीच नसायचे. मग बाई कशा बसतील? त्या उठायच्या, बोलत बोलत डाव्या टोकाला, खोट्या खिडकीपाशी यायच्या, क्षणभर थांबायच्या आणि परत जायच्या. पुन्हा यायच्या. त्या टोकावरून झाकणाखालचा बूट दिसतो. इतर कुठूनही दिसत नाही.

पहिल्या प्रयोगानंतर मालक तडकले. "बाई, या येरझारा कुणी सांगितल्या?" दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छापून आले की, पिंजऱ्यातल्या जिवाची अशी तगमग आजवर कुणी दाखवली नव्हती. मालक सगळ्यांना सांगत सुटले, "मीच बसवलंय ते!"

एका गावी नाट्यगृह अडचणीचे होते. मला उजव्या विंगेत ठेवले. त्या रात्री बाई उजवीकडे निघाल्या आणि तिकडून निकाल घेऊन येणाऱ्या नाटकातल्या वकिलावर जाऊन आदळल्या. "बाई, खिडकी डावीकडे आहे!" मालक नंतर ओरडले. बाई म्हणाल्या, "आज वारा इकडून येत होता." मावशीला इतके हसू आले की टाचण्या पहिल्यांदाच खाली पडल्या.

चिमणी वाढली, माझ्यात मावेना. तिला शाळेच्या वसतिगृहात ठेवावे लागले. बाई दौऱ्यावर, लेक तिकडे.  एकदा ती सुट्टीत तालमीला आली, तेव्हा बाई माझ्यावर हात ठेवून कौतुकाने म्हणाल्या, "तू यातच वाढलीस गं."

"माहितीये," चिमणी म्हणाली. "सामानासारखी."

बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी तो विषय पुन्हा कधीच काढला नाही. मला ओरडून सांगावेसे वाटले, अगं, त्या येरझारा कशासाठी होत्या ते तरी विचार! पण लाकडाला वाचा कुठली?

कंपनी बंद पडली, तेव्हा बाईंनी मला घरी आणले. मी गॅलरीत गेलो. माझ्यावर कुंड्या आल्या, पोटात जुनी पांघरुणे आली. एकदा चिमणीने आतला बूट काढून विचारले, "हे काय? एकच, तोही तुटका?" बाई म्हणाल्या, "असू दे." तेवढेच. नंतर बाई थकल्या, आणि गेल्या उन्हाळ्यात गेल्या. मित्रांनो, मला फार रडावेसे वाटले. पाणी झिरपून फळ्या फुगल्या, तेवढेच माझे रडणे.

जुन्या नाट्यगृहात त्यांची स्मरणसभा ठरली. तिथे आठवण म्हणून मांडण्यासाठी लोक मला न्यायला आले. चिमणी म्हणाली, "न्या. परत नाही आणलात तरी चालेल." मी सगळा रस्ताभर खडखडत होतो. घरातून जायचे दुःख होतेच. पण मी गेलो, म्हणजे त्या येरझारांची गोष्टही माझ्याबरोबर जाणार होती.

सभेला चिमणी आपल्या तान्ह्या मुलाला कडेवर घेऊन आली. मांडणाऱ्या कंपनीतल्या जुन्या माणसांनी मला सवयीने डाव्या विंगेत ठेवले होते. तिथे मावशी बसली होती, कमरेत वाकलेली, पण आवाज तोच. बाळ झोपले होते. मावशीने काही न विचारता त्याला घेतले, माझ्यातल्या पांघरुणावर निजवले, आणि दिव्याचा उजेड डोळ्यांवर येऊ नये म्हणून झाकण खाली आणून बूट अडकवला.

"मावशी, झाकण पडलं तर?"

"बूट आहे ना. तुझ्या वेळीही हाच होता. तू जा, बोलून ये. मला आता बाईंच्या तसबिरीकडे बोलावलंय पलीकडे."

चिमणीने जाऊन माइक हातात घेतला. दोन कोरडी वाक्ये बोलून उतरायचे, असे ठरवूनच ती आली होती. "माझी आई मोठी नटी होती," ती म्हणाली. आणि डावीकडे सरकली. परत गेली. "घरी ती फारशी नसायची." पुन्हा डावीकडे. माइकची वायर ताणली, तरी ती टोकापर्यंत आलीच.

पुढच्या रांगेतून म्हाताऱ्या वकिलाचा, म्हणजे त्या नटाचा, आवाज आला. "अरे, हा तर तिसरा अंक! तश्शाच येरझारा!"

सभागृह हसले. चिमणी हसली नाही. ती जिथे उभी होती, तिथून तिला बूट दिसत होता. ती एक पाऊल मागे गेली. बूट दिसेना. पुन्हा पुढे आली.

"मावशी," तिने माइक हातात असतानाच हाक मारली, "पेटारा इथेच असायचा?"

पलीकडच्या विंगेतून उत्तर आले, "तिथेच गं! एकदाच उजवीकडे ठेवला, तर बाई वकिलावर जाऊन आपटली!"

चिमणीचे भाषण तिथेच संपले. ती माझ्याजवळ येऊन खाली बसली, झाकणावर कपाळ टेकले आणि म्हणाली, "आई गं, मला सांगितलं का नाहीस?" बाळ जागे झाले, तरी ती हलली नाही.

सभा संपल्यावर मला उचलणाऱ्याने विचारले, "हा कुठं ठेवायचा?" ती म्हणाली, "माझ्या घरी. सांभाळून."

मित्रांनो, मी आता तिच्या खोलीत आहे. कुंड्या नाहीत. ती स्वयंपाकघरातून दर थोड्या वेळाने दारापर्यंत येते, बाळाकडे बघते आणि परत जाते. ती पावले मी ओळखतो. तुमच्याही घरात कुणीतरी असे येऊन, बघून जात असेल. त्यांना आजच विचारा, कशासाठी येता म्हणून. आम्हा लाकडांना सांगता येत नाही. आणि कुठल्याही जुन्या पेटाऱ्याचे झाकण लावण्याआधी एकदा आत बघत जा.