शनिवारचा सराव

"मॅडम, पूर्णिमा तुमच्याजवळच आहे ना?"

फोनवर निरंजन होता, पूर्णिमाचा मामा. पण आवाज त्याचा वाटत नव्हता. मागे माणसांचा गलका होता आणि कोणीतरी हिंदीत ओरडून गाडी मागे घ्यायला सांगत होतं.

"आहे ना. फळ्यापाशी उभी आहे. काहून?" विजयाने खडूचा हात झटकत विचारलं.

"थोड्या आत जा, मॅडम. तिले ऐकू येईल."

विजया बैठकीतून स्वयंपाकघराच्या दाराशी आली.

"आमचे भाऊजी गेले," निरंजन म्हणाला.

"कुठं गेले?" विजयाने विचारलं. विचारता विचारताच तिला कळलं आणि तिने दाराची चौकट धरली.

"मिलमध्ये, सकाळच्या पाळीत. क्रेननं माल वर उचलून राहिले होते, साखळी तुटली, माल अंगावर पडला. जागच्या जागी गेले. आम्ही सरकारी दवाखान्यात आहो. ताईले शुद्ध नाही. पोट्टीले काही सांगू नका, मॅडम. मी येतो तिले घ्याले. तवर बसवून ठेवा. गणितं द्या काहीतरी."

"अरे पण निरंजन..."

"बसवून ठेवा फक्त." फोन बंद झाला.

बैठकीत पूर्णिमाचा खडू फळ्यावर टकटक वाजत होता.

विजयाचं सगळं आयुष्य पुरानी बस्तीतल्या ह्याच घरात गेलं होतं. वडील अमरावतीकडचे, रेल्वेत लागले आणि रायपूरला आले ते इथलेच झाले. ती एका खासगी शाळेत बारावीला गणित शिकवायची. दुपारनंतर बैठकीत शिकवणी घ्यायची. लग्न जमलं नाही आणि पुढे तो विषय घरात निघेनासा झाला. रायपूर राजधानी झालं, समता कॉलनीत मोठमोठ्या पाट्यांचे कोचिंग क्लास निघाले, मुलं तिकडे गेली. तिच्याकडे उरली ती आसपासच्या गल्ल्यांतली चार-सहा. पण तिच्याबद्दल एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. विजया मॅडमच्या डोळ्यांखालून चुकलेली पायरी कधी सुटत नाही. उत्तर बरोबर आलं तरी मधली ओळ चुकली असेल तर ती सगळं पुसायला लावायची. मुलं घाबरायची आणि घाबरत घाबरत पासही व्हायची.

पूर्णिमा बीरगावची. शाळेसाठी आठवडाभर इथे मामाकडे राहायची आणि शनिवारी घरी जायची. तिला न्यायला तिचे वडील रत्नाकर यायचे. उरला औद्योगिक वसाहतीतल्या एका रोलिंग मिलमध्ये, लोखंडाच्या कारखान्यात ते कामाला होते. सकाळची पाळी सुटली की मोटारसायकल घेऊन तसेच यायचे आणि गल्लीतल्या देवळाच्या भिंतीला टेकून उभे राहायचे. विजया आत बोलवायची. "नको मॅडम, कपडे खराब आहेत," म्हणून ते बाहेरच थांबायचे. वर्ष-दीड वर्षात त्यांनी उंबरठा ओलांडला नव्हता.

सहामाही परीक्षा तोंडावर आली होती. हिंदी पुस्तकातला पहिलाच धडा, संबंध आणि फलन, पूर्णिमाचा कच्चा होता. म्हणून आज बाकीची मुलं गेल्यावर विजयाने तिला सरावासाठी थांबवलं होतं.

"मॅडम, झाला हा!" पूर्णिमा बाहेरून ओरडली. "पुढचा घेऊ?"

"घे," विजया म्हणाली. आपला आवाज इतका सरळ कसा निघाला याचंच तिला नवल वाटलं.

स्वयंपाकघरात तिची आई शांताबाई चहाचं आधण ठेवत होत्या. "कोणाचा फोन? तोंड काहून उतरलं?" त्यांनी विचारलं. विजयाने जवळ जाऊन हळू आवाजात सांगितलं. शांताबाईंच्या हातातली साखर ओट्यावर सांडली.

"अगं माय! तो देवळापाशी उभा राहते तो?"

"हळू बोल. आणि तिचा मामा म्हणते, तिले सांगू नका."

"नकोच सांगू. घरी गेली की माय असंन, नातलग असंन. इथं तू एकटी काय करशीन?"

"मलेही असंच आणलं होतं तुम्ही," विजया म्हणाली.

शांताबाई सांडलेली साखर गोळा करायला लागल्या.

विजया तेव्हा नागपूरला कॉलेजात होती. काका वसतिगृहावर न्यायला आले. 'बाबांना जरा बरं नाही, तुला पाहावंसं वाटतं,' एवढंच बोलले. गाडीत त्यांनी तिला संत्री सोलून दिली. डोंगरगडला भजी घेतली. कोणा बायको माहेरी गेलेल्या साहेबाची गोष्ट सांगितली आणि विजया खळखळून हसली. रायपूर स्टेशनवर उतरेपर्यंत ती हसतखेळत आली. गल्लीच्या तोंडाशी माणसं दिसली तेव्हा कळलं, बाबा गेले होते. आता काकाही राहिले नव्हते. पण ते हसणं तिने त्यांनाही माफ केलं नाही आणि स्वतःलाही.

"त्याच्यानं तुझ्या पोटात चार घास तर गेले होते," शांताबाई अखेर म्हणाल्या. "नंतर तू अन्नाले शिवली नाही. मले आठवते ना."

 विजया तोंडावर पाणी मारून बैठकीत आली.

पूर्णिमा सतरंजीवर मांडी घालून बसली होती आणि वहीत डोकं खुपसून लिहीत होती. खिडकी उघडी होती. गल्लीतून एखादी मोटारसायकल गेली की तिची मान आपोआप वर व्हायची.

"बाबाले आज उशीर होऊन राहिला," ती म्हणाली. "दर शनिवारी तर शिकवणी सुटायच्या आधीच येते ते."

"येईल कोणीतरी," विजया म्हणाली आणि जीभ चावली. पण पूर्णिमाचं लक्ष नव्हतं.

"मॅडम, एक मजा सांगू? मी घरी गेली की बाबा मले दरवेळी आठवड्याचा अभ्यास विचारते. समजत काही नाही त्याहिले. नुसतं हव, हव म्हणते. मागच्या शनिवारी मी सांगितलं, संबंध तीन गुणांचा राहते. स्वतुल्य, सममित, संक्रामक. तर म्हणे, संक्रामक? मग तर लसीचा टीका लावा लागंन!" पूर्णिमा मोठ्याने हसली. "मी म्हटलं, अहो, रोग नाही तो! पहिल्याचा दुसऱ्याशी संबंध आणि दुसऱ्याचा तिसऱ्याशी, तर पहिल्याचा तिसऱ्याशी असलाच पाहिजे, त्याले म्हणते संक्रामक. तर म्हणे, हव, म्हणजे साडूचा साडू!"

ती हसतच होती. हसता हसता तिने विजयाकडे पाहिलं. मॅडमनेही हसावं म्हणून ती थांबली होती. विजयाने ओठ ताणले. भज्यांचा कागदी पुडा आणि काकांचा चेहरा तिच्या डोळ्यांपुढे आला. आज काकांच्या जागी ती बसली होती.

"पुढचं वाच," ती म्हणाली.

पूर्णिमाने पुस्तकावर बोट ठेवलं. "एका गावातल्या माणसांचा समुच्चय आहे. संबंध असा, की पहिला हा दुसऱ्याचा बाप..."

"तो सोडून दे."

"काहून? सोपा आहे हा."

"सोड म्हटलं ना. त्याच्या पुढचा घे."

पूर्णिमाने चमकून वर पाहिलं. मॅडम उदाहरण कधी सोडू देत नसत. सोपं म्हणून सोडलं तर त्यांचा राग जास्तच असायचा. पण तिने मुकाट्याने बोट खाली सरकवलं. एक, दोन आणि तीन अशा तीन आकड्यांचा समुच्चय होता आणि संबंधात दोनच जोड्या होत्या, एक-दोन आणि दोन-एक. तिने भराभर लिहून वही पुढे केली. "झालं. स्वतुल्य नाही, सममित आहे, संक्रामक आहे."

विजयाने वही घेतली. अक्षरं दिसत होती, पण त्यांचा अर्थ लागत नव्हता. निरंजन कुठवर आला असेल? तिथे त्या माणसाला कसं ठेवलं असेल? शुद्ध आली की त्या बाईला पहिलं काय आठवेल? लाल पेन उचलून तिने खूण केली. "बरोबर आहे."

पूर्णिमाने वही परत घेतली. पान उलटायला गेलेला हात मधेच थांबला. ती परत त्या ओळींकडे पाहू लागली.

"मॅडम."

"हं."

"हे तर चुकलं आहे."

विजयाने पाहिलं.

"एक-दोन आहे, दोन-एक आहे. मग एक-एक पाहिजे ना? तो नाही यात. म्हणजे संक्रामक नाही." ती हळूहळू बोलत होती. आता ती वहीकडे पाहतच नव्हती. "तुमाले दिसलं नाही?"

विजयाने लाल पेन खाली ठेवलं.

"तुम्ही तो बापाचा प्रश्न सोडवू दिला नाही." पूर्णिमाचा आवाज बारीक झाला. "फोन कोणाचा होता?"

आतून शांताबाई चहाचे कप घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या. त्यांनी विजयाकडे पाहून मान हलवली, नको.

"तुझ्या मामाचा," विजया म्हणाली.

"बाबाले काही झालं का?"

"मिलमध्ये अपघात झाला."

"दवाखान्यात आहे का?"

हो म्हणणं किती सोपं होतं. ते खोटंही नव्हतं, ते दवाखान्यातच होते. पूर्णिमाने मान पुढे काढली होती आणि त्या एका 'हो'ची वाट पाहत ती बसली होती. विजयाला वाटलं, काकांपुढेही हाच क्षण आला असेल आणि म्हणूनच त्यांनी संत्रं सोललं असेल. पहिल्यांदाच तिला त्यांचा राग आला नाही. तरी ती म्हणाली,

"नाही गं, बाळा. ते गेले."

पूर्णिमा रडली नाही.  तिने पेन उचललं, 'संक्रामक आहे' यातल्या 'आहे'वर रेघ मारली आणि वर 'नाही' लिहिलं. मग खाली, कारण, असं लिहून ती सगळ्या पायऱ्या मांडायला लागली. अक्षर नेहमीसारखंच गोल होतं.

"पूर्णिमा, राहू दे ते."

"होऊन राहिलं, मॅडम. एवढा पूरा करते."

विजया तिच्याशेजारी सतरंजीवर बसली. शाळेत, शिकवणीत इतकी वर्षं शिकवलं, पण मुलांच्या बरोबरीने ती खाली कधी बसली नव्हती. पूर्णिमाने शेवटची ओळ लिहिली, पेनाला टोपण लावलं, आणि पुढे काय करायचं ते तिला समजेना. तिने मॅडमकडे पाहिलं.  विजयाने तिचं डोकं छातीशी घेतलं. शांताबाईंनी कप खाली ठेवले आणि उभ्या उभ्याच पदर तोंडाला लावला.

निरंजनला विजयाने फोन केला. "मी तिला सांगितलं. आणि आता मीच घेऊन येते."

"काहून सांगितलं, मॅडम? शुद्धीवर आल्याबरोबर ताईनं बजावलं होतं, घरी आल्यावरच..." तो चिडला, मग रडायला लागला. "मले तर गाडीच भेटून नाही राहिली. बरं, आणा तुम्हीच. ताईले घरी पाठवलं आहे, बॉडी भेटली की आम्हीही घरीच येतो."

शांताबाईंनी पूर्णिमाला कपभर पाणी पाजलं आणि तिच्या केसांवरून हात फिरवला. "जा बाई. माय वाट पाहत असंन." चहावर साय धरली होती.

विजयाने स्कूटर काढली. पूर्णिमा मागे बसली, दप्तर दोघींच्या मधे घेतलं. चपला घालताना तिने उजव्या पायातली डाव्या पायात घातली होती. विजयाने वाकून त्या बदलल्या, तेव्हा तिने लहान पोरीसारखे पाय पुढे केले.

जयस्तंभ चौक गेला, फाफाडीह गेलं. भनपुरीच्या पुढे ट्रकांची रांग लागली. हवेत लोखंडाची धूळ होती आणि दूर कारखान्यांच्या चिमण्यांतून नेहमीसारखा धूर निघत होता.  विजया आरशात पाहायची, पण आरशात पूर्णिमाचा खांदाच दिसायचा. जितक्या लवकर होईल तितक्या लवकर हिला आईजवळ पोचवावं, एवढंच विजयाच्या मनात होतं. ती ट्रकांच्या मधून वाट काढत होती. एवढ्या जोरात तिने गाडी कधी चालवली नव्हती.

बीरगावची कमान दिसायला लागली तशी पाठीवर एक हात आला.

"मॅडम."

"काय गं?"

"थोडी हळू चालवा ना."

विजयाला आधी वाटलं, पोरगी घाबरली. तिने वेग कमी केला.

"अजून हळू," पूर्णिमा म्हणाली. "घर येऊन राहिलं."

मग विजयाला समजलं. तिने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि वेग इतका कमी केला की चाक डगमगायला लागलं. तोल जाऊ नये म्हणून दोघींनी पाय खाली सोडले. मागचे ट्रक हॉर्न वाजवत पुढे निघून जात होते. भाजीचा हातगाडा ओढणारा एक म्हातारा त्यांच्या शेजारून चालत पुढे गेला आणि मागे वळून पाहत राहिला. त्या दोघी तशाच, पाय घासत घासत, कमानीकडे जात राहिल्या.