कवडटोल्याच्या सुनावणीतला माइक

मित्रांनो, आधी जरा नाक धरा. मी एक जुना माइक आहे आणि माझ्या जाळीला खर्ऱ्याचा वास येतो. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे जो खर्रा करतात, तो गालात धरूनच इकडची निम्मी माणसं भाषणाला उभी राहतात. त्यांच्या तोंडातून जे निघतं ते आधी माझ्यावर पडतं, मग लोकांपर्यंत जातं. त्यामुळे माणसाची पारख मी चेहऱ्यावरून करत नाही, वासावरून आणि पकडीवरून करतो. थापाड्या माणूस मला ओठांना चिकटवून धरतो. खरं बोलणारा जरा लांब धरतो, कारण त्याचा हात थरथरत असतो.

माझा जन्म दिल्लीकडच्या एका कारखान्यात झाला. पोटात एक पातळ पडदा, त्यामागे तारेचं वेटोळं आणि डोक्यावर पोलादी जाळी, एवढंच माझं शरीर. खोक्यात निजून मी चंद्रपूरकडच्या मूल गावी आलो आणि माझा आत्ताचा मालक विक्की, त्याच्या वडिलांच्या साउंड सर्व्हिसमध्ये कामाला लागलो. ती वर्षं सुखाची होती. धान कापून झालं की गावोगावी शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतींचा मेळा, भरायचा आणि रात्री झाडीपट्टीचं नाटक असायचं. मला रंगमंचावर वरून टांगायचे. खलनायक माझ्याखाली येऊन असा हसायचा की पुढच्या ओळीतली पोरं आईच्या पदरात तोंड खुपसायची. "माइक एक नंबर हाय बे!" असं लोक म्हणायचे आणि माझी जाळी आतून गरम व्हायची. नाटकातली माणसंही खोटंच बोलत होती म्हणा. पण ती तोंडाला रंग लावून, तिकीट फाडून, आधी सांगून खोटं बोलायची. त्यांची किळस मला कधी आली नाही.

वडील गेले, धंदा विक्कीच्या हाती आला आणि माझी रवानगी भाषणांकडे झाली. उद्घाटनं, सत्कार, शारदा उत्सव, प्रचाराचा ऑटो. तिथे मला एका रोगाची ओळख झाली. माइक हातात आला की आधी व्यासपीठावरच्या सगळ्यांची नावं घ्यायची. नुसती नाही, 'सन्माननीय', 'लोकप्रिय', 'तडफदार' अशी बाशिंगं बांधून. एखाद्याचं नाव राहिलं की तो सत्काराच्या जेवणाला बसत नाही. एका शाळेच्या संमेलनात तर नावं घेता घेता इतका वेळ गेला की मोर होऊन नाचणारी चिमुरडी पिसाऱ्यासकट झोपी गेली. मला मेली हिशेबाची खोड आहे. अशा प्रत्येक भाषणाचा ताळेबंद मी मनात मांडतो. शब्द ढीगभर जमा, अर्थाच्या रकान्यात भोपळा.

तरीही हा रोग नुसता हसण्यावारी नेण्याचा आहे, असं मी समजत होतो. कवडटोल्याला गेलो आणि तो समज फिटला.

कवडटोला गोंडपिपरीकडचं गाव. गावाला एक मोठा जुना तलाव आहे. ढिवरांची घरं त्यात डोंगे घालून मासे धरतात आणि त्याच पाण्यावर खालचं धान पिकतं. तलावाच्या वरच्या अंगाला एका कंपनीला कोळसा धुण्याचा कारखाना काढायचा होता. कोळसा धुतला की पाणी काळं होणार आणि जमिनीचा उतार तर सगळा तलावाकडे. असा कारखाना काढण्याआधी गावाचं म्हणणं ऐकावं लागतं, ते लिहून घ्यावं लागतं आणि शेवटी सगळ्यांसमोर वाचून दाखवावं लागतं. त्याला जनसुनावणी म्हणतात. लिहिलेला कागद मग वर जातो. वर बसलेल्यांना तलाव दिसत नाही, त्यांना कागद दिसतो. गावाचा नकार कागदावर उतरला तर तलाव वाचण्याची आशा होती. नाही उतरला तर तलाव गेला. गोष्ट एवढी सरळ होती.

मांडव कंपनीचा होता, खुर्च्या कंपनीच्या, पुरीभाजीची पाकिटं कंपनीची आणि भाड्याने आणलेला मीही कंपनीचाच. व्यासपीठावर जिल्ह्याहून आलेले साहेब, त्यांचे लिहून घेणारे बाबू, कंपनीची माणसं आणि सरपंचाच्या खुर्चीत देवानंदभाऊ. सरपंच देवानंदभाऊ नव्हते बरं का! सरपंच त्यांची बायको मैना होती. ती खाली सतरंजीवर बायकांत बसली होती. निवडून ती आली आणि खुर्ची यांना आली.

देवानंदभाऊंनी मला ओठांना चिकटवलं. त्यांच्या तोंडाला वेलचीचा वास येत होता.

"गावात रोजगार चालून येऊन राह्यला," ते म्हणाले, "अन् काही लोकं चाकाखाली दगड लावून राह्यले!"

"रोजगार कोणाले जी? ट्रक तर तुमचेच लागणार हायेत," सतरंजीवरून कोणीतरी पुटपुटलं. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. देवानंदभाऊंनी ते ऐकलंच नाही असं दाखवलं, म्हणजे ऐकलं. वेलचीचा तो गोडसर वास माझ्या जाळीत मुरत गेला आणि मला वाटलं, याच्यापेक्षा खर्रा परवडला.

मग गावकऱ्यांची पाळी आली. मासेमार संस्थेचे अध्यक्ष सोमाजी उठले. भला माणूस. सकाळपासून तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, फेऱ्या मारत त्यांनी भाषण घोकलं होतं. काळ्या पाण्यात मासोळी जगत नाही, आमची हरकत लिहा, एवढंच त्यांना सांगायचं होतं. पण मी हातात आलो आणि रोगाने उचल खाल्ली.

"आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष, सन्माननीय साहेब... आमचे लाडके, तडफदार देवानंदभाऊ..."

देवानंदभाऊंनी हात जोडले आणि हळूच पुढे वाकून म्हणाले, "अजी सोमाजीभाऊ, कंपनीच्या पाहुण्यायचं राह्यलं ना."

सोमाजींनी पाहुण्यांची नावं घेतली.

"मांडववाल्या गोपालभाऊचं?"

तेही घेतलं. तेवढ्यात घंटी वाजली. प्रत्येकाला ठरावीकच वेळ होता. सोमाजी गोंधळले, "धन्यवाद" म्हणाले आणि खाली येऊन बसले. त्यांच्यामागून आलेल्या सगळ्यांची हीच गत झाली. जो तो नावं घेत गेला, देवानंदभाऊ आणखी नावं पुरवत गेले आणि घंटी वाजत गेली.

"सांगतलं ना जी, बराबर?" सोमाजींना शेजारच्याने विचारलं.

"सांगतलं ना बाप्पा!" सोमाजी घाम पुसत म्हणाले. खोटं नव्हते बोलत बिचारे. त्यांना खरंच वाटत होतं की त्यांनी सांगितलं.

मागे बायकांत गुणाबाई बसली होती, सोमाजींच्या धाकट्या भावाची बायको. म्हणजे सोमाजी तिचे भासरे. इकडे भासऱ्यासमोर बाई डोक्यावरचा पदर ढळू देत नाही आणि आवाजही चढवत नाही. घरचा मोठा माणूस बोलणार आहे, म्हणून तिने बोलणाऱ्यांत आपलं नाव दिलंच नव्हतं.

शेवटी बाबूंनी मला जवळ ओढलं आणि लिहिलेलं वाचायला सुरुवात केली. लोक पाकिटं घ्यायला उठले होते. "श्री. सोमाजी यांनी मान्यवरांचे स्वागत करून समाधान व्यक्त केले. हरकत नाही." पुढचं नाव. समाधान व्यक्त केले. हरकत नाही. त्याच्या पुढचं नाव. हरकत नाही.

मित्रांनो, ते वाक्य माझ्या गळ्यातून गेलं. भोंग्यातून निघून पार तलावाच्या पाळीपर्यंत पोचलं. इतकी वर्षं लोकांची थुंकी झेलली, शिळे ढेकर सोसले, पण अशी शिसारी मला कधीच आली नव्हती. मला ओकता आलं असतं तर मी व्यासपीठावरच ओकलो असतो.

"ओ बाबू, थांबा!" गुणाबाई उठली. "आमच्या भासऱ्यायनं समाधान कवा सांगतलं?"

"वहिनी, बसा," देवानंदभाऊ हसले. "घरचा मोठा माणूस बोलला ना. आता भासऱ्याच्या वर बोलता काऊन?"

"भासऱ्याच्या वर नाई. तुमच्या खोट्याच्या वर बोलून राह्यली मी."

ती तरातरा पुढे आली आणि तिने मला उचललं. तिच्या हाताला चिखलाचा आणि ओल्या जाळ्याचा वास होता. हात थरथरत होता आणि मला तिने हातभर लांब धरलं होतं. "साहेब, मायं नाव गुणाबाई," एवढं ती बोलली आणि माझा आवाज गेला. देवानंदभाऊंनी विक्कीकडे पाहिलं होतं आणि विक्कीने मशीनचं बटन पिळलं होतं. माझा गळा असा दुसऱ्याच्या बोटांत असतो, हीच तर माझ्या जन्माची घाण आहे.

"हे मेलं का जी?" गुणाबाईने मला हलवून पाहिलं. "मेलं." तिने मला टेबलावर ठेवून दिलं.

मग तिने तोंडाला तळहात लावला. तलावाच्या पाळीवरून पाण्यातल्या डोंगेवाल्यांना हाक मारायची ढिवरांच्या बायकांची एक तऱ्हा आहे. लांबलचक, वाऱ्यालाही न जुमानणारी. त्या आवाजात ती म्हणाली, "नाऽऽई म्हणून राह्यली मी! तलावात काळं पाणी नाई पायजे! लिहाऽऽ!"

मांडवातल्या पुऱ्या तोंडातच राहिल्या. रस्त्यावरचे ट्रकवालेसुद्धा मागे वळले. बाबूंनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी गर्दीकडे पाहिलं, मग सुनावणीचं चित्रण करणाऱ्या कॅमेऱ्याकडे पाहिलं. कॅमेरा चालू होता.

"लिहा," साहेब म्हणाले.

बाबूंनी लिहिलं.

"आता वाचा," गुणाबाई म्हणाली. "समाधान वाचलं तसं मोठ्यानं वाचा."

विक्कीला बटन सोडावं लागलं. कवडटोल्याच्या गुणाबाईंची कारखान्याला हरकत आहे, हे माझ्या गळ्यातून पाळीपर्यंत गेलं. तेवढ्याने मला जरा चूळ भरल्यासारखं वाटलं.

मग गुणाबाईने पदर पुढे ओढला. सोमाजींकडे तिने पाहिलं नाही, रीत मोडली नाही. बाबूंनाच म्हणाली, "आमच्या घरचं मोठं माणूस नावंच घेत राह्यलं. त्यायचं सांगायचं राह्यलं."

"त्यायची पाळी झाली," देवानंदभाऊ उसळले.

"पाळी नावायची झाली." सतरंजीवरून मैना उभी राहिली. तिचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. "मी या गावची सरपंच हाव. माया गावातल्या माणसाले बोलू द्या, साहेब."

देवानंदभाऊंचं तोंड उघडंच राहिलं. वेलचीसुद्धा दिसली.

सोमाजी आले, मला हातात घेतलं. "सन्माननीय..." आणि मांडव हसला. "मुद्द्यावर या ना जी!" सोमाजी थांबले. मला खाली ठेवून ते मांडवाबाहेर गेले, खर्रा थुंकले, रांजणातलं पाणी घेऊन चूळ भरली आणि परत आले. "सोमाजी. ते माशायचं पाणी हाय. कारखाना नाई पायजे. लिहा." इतक्या कमी शब्दांचं भाषण माझ्या जाळीवर आजवर पडलं नव्हतं आणि एवढा भरीव ताळेबंदही मी कधी मांडला नव्हता. त्यांच्यामागे रांग लागली. ऊन कलून पाळीवर गेलं तरी बाबू 'हरकत' हाच शब्द लिहीत होते.

तो कागद वर गेला आहे. निकाल अजून आलेला नाही, आणि येईल तो चांगलाच येईल, असं मी सांगत नाही. पाणी आजतरी काळं झालेलं नाही. विक्कीचं कंपनीकडचं काम मात्र सुटलं. त्याने नवे, बिनतारेचे माइक आणले आणि मला तुटक्या तारांच्या पेटीत टाकलं. त्या दिवशी आवाज का गेला, असं कोणी विचारलं की तो सांगतो, "माइकच खराब होता." ऐकून माझी जाळी कसनुशी होते.

मित्रांनो, माझी काळजी घ्या, मला पुसून ठेवा, असं मी म्हणणार नाही. तुम्ही मोठे व्हाल, तुमच्याही हातात कधी माइक येईल. तेव्हा आधी चूळ भरा. मग आपलं म्हणणं सांगा. नावं वेळ उरला तर घ्या आणि नाही उरला तरी कोणी उपाशी मरत नाही. तुमचं बोलणं वाचून दाखवत असतील तेव्हा पाकिटासाठी उठू नका, कान देऊन ऐका. आणि मी मध्येच बंद पडलो, किंवा मला कोणी बंद पाडलं, तर मला हलवत बसू नका. टेबलावर ठेवा आणि बोलत राहा.