हाताला हात

लंडनच्या पिनर भागातल्या मराठी मंडळाची सहल यंदा यॉर्कशरमधल्या एका खाजगी म्युझियमला गेली. माणसं मारायची जुनी यंत्रं बघायला. सुट्टीच्या दिवशी माणसाला काय बघावंसं वाटेल, त्याचा काही नेम नाही.

नीना मशीन डिझाइनवर पोट भरणारी, तिची नजर आधी बांधणीवर गेली. मुंडकं उडवणाऱ्या फ्रेंच गिलोटिनचं पातं तिरकं. माणसाला उभ्या फळीला बांधून फळीच आडवी करायची, आणि कळ ओढणारा जल्लाद एकटा. एडिनबराच्या यंत्राचं पातं सरळ, वर शिशाचं वजन, सांगाडा सुटा करून हलवता येणारा. कुणीतरी बसून, डोकं लावून हे सुधारलेलं होतं.

तिसरं हॅलिफॅक्स गावचं. जाड ओंडक्यात ठोकलेली कुऱ्हाड, आणि तो ओंडका वर अडवून धरणाऱ्या खुंटीला लांब दोर.

"तो दोर अख्ख्या गावाने ओढायचा," गाइड म्हणाली. "ज्याचा हात पोचत नाही त्याने दोराकडे नुसता हात करायचा. म्हणजे सगळ्यांची संमती झाली."

मंडळाचे अध्यक्ष मुरलीधरकाका खूश झाले. "अहो, हे तर आपल्या सत्यनारायणासारखं झालं. दोर मी धरतो, बाकीच्यांनी हाताला हात लावा. पुण्य सगळ्यांना."

सगळे खिदळत रांगेत लागले. काकांच्या कोपराला काकू, काकूंच्या खांद्याला आणखी कुणी. नीनाचा नवरा अंबरीशही घुसला. पात्याखाली प्रात्यक्षिकासाठी कोबीचा गड्डा होता. काकांनी दोर ओढला. फाडकन दोन तुकडे झाले, आणि तो कच्चा, उग्र वास नीनाच्या नाकात बसला तो बसलाच.

परतीच्या बसमध्ये काकांनी ग्रुपवर मेसेज टाकला. ईशिताने यंदा गणपतीत गाऊ नये, सहमत असाल तर अंगठा द्या. ईशिता दरवर्षी गायची. यंदा तिने नवऱ्याला, अंशुमनला, सोडलं होतं. का सोडलं ते तिच्या सुजलेल्या गालाने सगळ्यांना केव्हाच सांगितलं होतं. पण अंशुमन पडला काकांचा भाचा. ईशिता सहलीला नव्हती, ग्रुपमध्ये मात्र होती. घरी बसून ती एकेक अंगठा पडताना बघत असणार.

"मी नाही देणार," नीना म्हणाली.

"दिलाय मी," अंबरीश म्हणाला.

"तुझा दिलास."

पुढच्या सीटवरून काका वळले. "नवऱ्याने दिला म्हणजे घराचा झाला गं. पूजेत बायकोचा हात नवऱ्याच्या हाताला असतोच की."

नीना उभी राहिली. "माझा हात कुणाच्या हाताला नाही. काका, तुम्ही अ‍ॅडमिन आहात ना? तिला सांगा की तुम्हीच, तुमच्या एकट्याच्या नावाने."

"मी एकटा कशाला वाईट होऊ? पाचामुखी परमेश्वर."

"परमेश्वराला कशाला यात ओढता? अंबरीश, अंगठा काढ."

"अगं, लोक बघतायत."

"मघाशी कोबी कापतानाही बघतच होते."

त्याचे कान लाल झाले, पण त्याने अंगठा काढला. बाकी एकही हलला नाही. सगळ्यांना एकदम खिडकीबाहेरच्या मेंढ्या दिसायला लागल्या.

तेवढ्यात सगळ्यांचे फोन एकदम वाजले. ईशिता ग्रुप सोडून गेली होती.

बसभर सुटकेचा एक लांब श्वास फिरला. "बघा," काका म्हणाले, "आपण कुणी काही केलं नाही. ती स्वतःच गेली."

"हो ना," मागून कुणीतरी म्हणालं. "आणि आवाजही हल्ली बसलाच होता तिचा."

नीनाने ईशिताला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. तोवर काकूंनी बाकरवडीचं पाकीट फोडलं होतं आणि ते या हातातून त्या हातात करत तिच्यापर्यंत आलं. सगळ्यांची बोटं त्यात जाऊन आलेली. तिला त्या बाकरवडीलाही कोबीचा वास आला. तिने पाकिटाला हात लावला नाही. पलीकडे फोन वाजतच होता.