बाथरूममधला पोप

आईने तिन्ही मुलांना शाळेतून काढून घरीच शिकवायचं ठरवलं, तेव्हा बाबांनी एवढंच विचारलं की गणित कोण शिकवणार. "मीच," ती म्हणाली आणि विषय संपला. बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. अडकलेल्या माणसांना दाराबाहेरून धीर देण्यात त्यांचा दिवस जायचा, त्यामुळे घरी आल्यावर कुणी काही ठामपणे सांगितलं की त्यांना बरंच वाटायचं.

आई घरीच लोकांचे कपडे शिवायची, उसवायची, सैल-घट्ट करून द्यायची. तिचं म्हणणं साधं होतं. जगाचा इतिहास देवाच्या नजरेखाली घडला, आणि शाळेत नेमकं तेवढंच वगळून मुलांकडून सनावळ्या पाठ करून घेतात. म्हणून तिचा प्रत्येक धडा एकाच प्रश्नावर संपायचा: यात देव कुठे होता? थोरली दर वेळी "गरिबांच्या बाजूला" म्हणायची, कारण ते उत्तर कधी चुकत नसे. मधला छताकडे बोट दाखवायचा. धाकटीचं उत्तर रोज वेगळं असायचं, आणि त्याला मार्क कसे द्यावेत हे आईला कळत नसे.

मध्ययुगाची सुरुवात तर झकास झाली. मठवासीयांच्या धड्यासाठी आईने नाश्त्यापासून दुपारच्या जेवणापर्यंत मौन पाळायला लावलं, आणि लग्नानंतर पहिल्यांदाच तिला भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली. धडा होता आठवड्याचा, तिने तो ओढूनताणून महिनाभर पुरवला. धर्मयुद्धांचा धडा मात्र तिला जड गेला. काही झाकून ठेवायचं नाही असं तिने ठरवलं होतं, म्हणून सगळं सांगितलं. शेवटी नेहमीचा प्रश्न विचारला तर थोरलीसुद्धा गप्प बसली.  आईने मुलांना खाली खेळायला पाठवलं आणि एका गिऱ्हाइकाचा कोट उगाचच दोनदा इस्त्री केला.

त्यानंतर आला चर्चच्या मोठ्या फुटीचा धडा. हा ती अर्ध्या तासात उरकणार होती. रोममध्ये एक पोप निवडला गेला. मग निवडणारेच म्हणायला लागले, की बाहेर लोक आरडाओरडा करत होते, आम्ही घाबरून मत दिलं, ती निवड खरी नव्हे. त्यांनी दुसरा निवडला, आणि तो फ्रान्समधल्या आविन्यों शहरात जाऊन बसला. दोघांनी एकमेकांना वाळीत टाकलं. हे भांडण मिटवायला पुढे एक सभा भरली, तिने तिसरा पोप निवडला, पण आधीचे दोघे काही जागचे हलले नाहीत.

"तीन तिघाडा, काम बिघाडा," बाबा कोपऱ्यात बूट पुसता पुसता म्हणाले.

शेवटी कॉन्स्टन्स नावाच्या गावी मोठी परिषद बसली, तिन्ही पोपांना बाजूला करून चौथा नेमला आणि फूट मिटली, असं आईने सांगितलं. आपल्या चर्चमध्ये मुळात पोपच नसतो, आपल्याकडे सायकलवरून येणारे पाळकसाहेब असतात, हेही तिने दोनदा बजावलं. ते पालथ्या घड्यावर पाणी. मुलांच्या डोक्यात एकच गोष्ट शिरली होती: एका वेळी दोन पोप असू शकतात.

या घरात जेवणाआधीची प्रार्थना थोरली करायची. ती वाचायला शिकली तेव्हापासून हा मान तिच्याकडे होता आणि तो तिने कधी कुणाला दिला नव्हता. त्या रात्री तिने डोळे मिटून सुरुवात केली, तोच टेबलाच्या दुसऱ्या टोकाहून मधल्यानेही सुरू केली. थोरलीने आवाज चढवला. मधल्याने लांबण लावली. त्याने आजारी लोकांसाठी, प्रवाशांसाठी, बाबांच्या सगळ्या लिफ्टसाठी एकेक करून प्रार्थना केली, आणि सूपवर साय धरली. थोरलीची निवड झाली तेव्हा मी बोलायलाही शिकलो नव्हतो, म्हणून ती निवड खरी नाही, असं त्याचं म्हणणं होतं. आता स्वयंपाकघर तिचं आणि बाहेरची खोली त्याची.

मतदार म्हणून उरली धाकटी. तिने आपलं मत आधी थोरलीला दिलं, मग बिस्किटाच्या बदल्यात मधल्याला, मग दुसऱ्या बिस्किटाच्या बदल्यात परत थोरलीला. बाबांनी दोन्ही प्रार्थनांना "आमेन" म्हणून पाहिलं, पण दोन घरचा पाहुणा उपाशी. दोघांनीही त्यांना वाळीत टाकलं. वाळीत टाकलेल्या माणसाला भांडी पुसता येत नाहीत हे कळल्यावर त्यांनी शिक्षा हूं की चूं न करता भोगली.

आईला पहिले काही दिवस कौतुकच वाटलं. मुलं धडा जगताहेत, असं तिने स्वतःला समजावलं. पण रोज गार सूप किती दिवस प्यायचं? शेवटी तिनेच सुचवलं, की तुम्हीही एक परिषद भरवा आणि हे मिटवा.

थोरलीने हे फार मनावर घेतलं. परिषदेला सगळीकडचे लोक लागतात, नुसते घरातले चालत नाहीत, ती म्हणाली. मावशीला बोलवायला हवं.

आई सुईत दोरा ओवत होती. तो हुकला. मावशीला दुकानातून वेळ मिळत नाही, ती म्हणाली.

मावशी म्हणजे आईची सख्खी मोठी बहीण. तिचं केस कापायचं दुकान दोन गल्ल्या सोडून होतं. चार वर्षांपूर्वी मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभासदांत, बाकांवरून वाद झाला. चर्चमधली जुनी लाकडी बाकं काढून गादीच्या खुर्च्या आणाव्यात असं काहींना वाटत होतं, आणि त्यात मावशी सगळ्यात पुढे होती. बाकं काढायची नाहीत म्हणणाऱ्यांत आई सगळ्यात पुढे होती, कारण ती बाकं तिच्या वडिलांनी, मुलांच्या आजोबांनी, स्वतःच्या हाताने रंधा मारून बनवली होती. वाद इतका पेटला की अर्धी मंडळी उठून गेली. ती आता एका फर्निचरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर उपासनेला जमते, आणि तिथे खुर्च्यांची कमतरता नाही. बहिणींचं बोलणं बंद झालं नव्हतं, पण ते पाऊस आणि पडशापुढे जात नसे. मुलांचे केस मावशीच कापायची. त्या वेळात आई बाहेर फुटपाथवर उभी राहून समोरच्या औषधांच्या दुकानाची पाटी वाचायची. ती तिला तोंडपाठ झाली होती.

"मावशी पण पोप आहे का?" धाकटीने विचारलं.

आईने दोरा पुन्हा ओवायला घेतला. त्या आठवड्यात मधल्याचे केस कापायचे होते. आई नेहमीसारखी पाटी वाचत उभी राहिली, आणि आत मधल्याने आणि थोरलीने, फुटीनंतर पहिल्यांदाच एकमत करून, मावशीला शनिवारी दुपारचं आमंत्रण दिलं.

मावशी आली. दुकानातून तशीच आली होती, खांद्यावर कात्र्यांची पिशवी, बाहीवर कुणाचे तरी बारीक केस. दारात उभी राहून ती म्हणाली, "मला परिषदेला बोलावलंय." आईने तिला आत घेतलं, पाणी दिलं, आणि दोघींनी हवेबद्दल जे काही बोलण्यासारखं होतं ते बोलून संपवलं.

थोरलीने परिषद सुरू केली. पहिला ठराव असा, की दोन्ही पोपांनी राजीनामा द्यावा. तिने स्वतःचा दिला. अगदी मान खाली घालून दिला, कारण नव्या निवडणुकीत आपणच येणार याची तिला खात्री होती. मधल्याने हे ओळखलं. तीन पोपांपैकी एकाने शेवटपर्यंत हार मानली नव्हती, समुद्राकाठच्या किल्ल्यात बसून मरेपर्यंत तो मीच पोप म्हणत राहिला, हे आईनेच त्याला सांगितलं होतं. मधला उठला, बाथरूममध्ये गेला आणि त्याने आतून कडी लावली. घरात बाथरूम एकच होतं.

नेमके त्याच वेळी बाबा कामावरून आले. हात कोपरापर्यंत काळे, आणि चेहऱ्यावर अशी घाई की कुणी काही विचारू नये. ते थेट बाथरूमच्या दारापाशी गेले.

"कोण आहे आत?"

"पोप," आतून आवाज आला.

बाबांनी धंद्यातला अनुभव पणाला लावला. घाबरू नकोस, मी इथेच आहे, खोल श्वास घे, असं सगळं सांगून पाहिलं. आतून उत्तर आलं, की मी घाबरलेलो नाही, मी किल्ल्यात आहे. बाबांनी थोडा वेळ एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकला, मग कुणाला काही न सांगता ते शेजाऱ्यांकडे निघून गेले.

थोरली आणि धाकटी वेढा घालायला बाथरूमसमोर बसल्या. स्वयंपाकघरात दोघी बहिणीच उरल्या.

"हट्टी आहे," मावशी म्हणाली. "कुणावर गेलाय?"

"माझ्यावर जाईल कसा? मंडळी सोडून मी नव्हते गेले."

बोलून गेल्यावर आईला वाटलं, जीभ चावावी. पण सुटलेला शब्द परत थोडाच येतो. मावशीने पाण्याचा ग्लास बाजूला ठेवला. बाकांवर तुझा एकटीचा जीव होता असं समजतेस का, तिने विचारलं. अण्णा रंधा मारायचे तेव्हा लाकडाचा भुसा मी झाडायचे, तू पाळण्यात होतीस.

"मग काढायला का निघाली होतीस?"

"अण्णांनी बाकं केली तेव्हा आपल्या आईची पाठ सरळ होती," मावशी म्हणाली. "शेवटची दोन वर्षं तू पुढे बाजाच्या पेटीजवळ बसायचीस. मी तिच्या शेजारी बसायचे. प्रत्येक गीताला उठायचं म्हणजे तिला समोरच्या बाकाला धरून आधी एक पाय, मग दुसरा पाय. ती कुणाला सांगू द्यायची नाही. अण्णांना वाईट वाटेल म्हणायची, आणि अण्णा जाऊन तर किती वर्षं झाली होती."

आई ओट्याला टेकून उभी राहिली. पाठ दुखते असं आजी तिच्याशी एकदाही बोलली नव्हती. की बोलली होती, आणि तिने कोट शिवता शिवता नुसतं हं म्हटलं होतं, हे तिला आता काही केल्या आठवेना.

"मला सांगायचंस ना, ताई."

"सभेत उठून सांगितलं होतं. तू पलीकडच्या गटाशी भांडत होतीस."

"पलीकडचा गट म्हणजे तूच."

"हो ना," मावशी म्हणाली. "म्हणून तर ऐकलं नाहीस."

आईला हसू आलं आणि त्याच्या पाठोपाठ रडूही आलं, आणि ती दोन्ही आवरत असताना धाकटी धावत निरोप घेऊन आली. मतदान झालं होतं. थोरली स्वतःला मत देणार होती, पण धाकटीने आज बिस्कीट नाकारून तिला अट घातली, की भांडणारा कुणी नको. मधल्यानेही दाराच्या फटीतून मत दिलं, कारण त्याला भूक लागली होती. जो या भांडणात कधीच पडला नाही असा एकच माणूस घरात होता. बाबा एकमताने पोप झाले होते.

शेजाऱ्यांकडून सावकाश परत आलेल्या बाबांना हे दारातच कळलं. त्यांनी थोडा विचार केला आणि आपली पहिली आज्ञा काढली: बाथरूमला आतून कडी लावायची ती फक्त कामापुरती. दुसरी आज्ञा, सूप गरम असताना वाढावं. भांडी पुसण्याची सूट चालू राहावी अशी तिसरीही काढायला ते निघाले होते, पण आईने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं.

मावशी जेवायला थांबली. कुणी आग्रह केला नाही. आईने एक ताट जास्त मांडलं, आणि मावशीने त्यात वाढून घेतलं. पोपपदाची पहिली प्रार्थना बाबांनी केली. ती अशी होती: "प्रभू, अन्नाबद्दल आणि आलेल्या माणसांबद्दल आभार. आमेन." एवढ्यावर संपली, हे मधल्याला पटायला जरा वेळ लागला.

मंडळ्या काही एक झाल्या नाहीत. आई बाकावरच बसते आणि मावशी फर्निचरच्या दुकानाच्या वर. पण दोन्हीकडची उपासना सुटली की जेवण आळीपाळीने एकीच्या घरी असतं, आणि केस कापायच्या दिवशी आई आता दुकानात आत बसते. परिषदेनंतरच्या पहिल्याच रविवारी आईने चर्चमध्ये एक गीत मुद्दाम शेवटच्या रांगेत उभी राहून म्हटलं. समोरचं बाक धरून ती आधी एक पाय, मग दुसरा पाय अशी उठली. लाकूड गुळगुळीत होतं, आणि बाक फार बुटकं. इतकं बुटकं, की अण्णांनी माप कुणाचं घेतलं असेल याचा ती गीत संपेपर्यंत विचार करत होती.

पुढच्या सोमवारपासून रेनेसाँचा, म्हणजे युरोपातल्या प्रबोधनाचा, धडा सुरू झाला. त्या काळातल्या बायकांची चित्रं पाहून थोरलीला शोध लागला, की भव्य कपाळ दिसावं म्हणून त्या पुढचे केस उपटून टाकायच्या. मावशीच्या पिशवीत चिमटा असतो हे तिला माहीत होतं. मावशी जेवायला आली तेव्हा तिने दोघींसमोर उभं राहून, अभ्यासाचा भाग म्हणून, रीतसर परवानगी मागितली.

"नाही," आई आणि मावशी एकदमच म्हणाल्या.

थोरलीने बाबांकडे पाहिलं. पोप बूट पुसत होते, आणि त्यांनी मान वर केली नाही.