सत्काराची एकुलती शाल

मी शाल आहे, पण पांघरायची नव्हे, फोटोपुरती! बेव्हर्ली पार्कमधल्या आमच्या सोसायटीत सत्कार ढीगभर आणि शाल एकच, ती मी. सेक्रेटरी उत्तमराव मला पाहुण्याच्या खांद्यावर टाकतात, फोटो निघतो, आणि पाहुणा स्टेजवरून खाली उतरला की हसत हसत मला काढून घेतात. लिफ्ट दुरुस्त केली, सत्कार. वाढदिवस आला, सत्कार! इतक्या खांद्यांवर घासून माझ्या अंगभर लोकरीचे बारीक गोळे आलेत. ऊब मात्र एकाही मेल्याला दिली नाही.

परवा संध्याकाळी क्लबहाऊसमध्ये 'तारे कसे जन्मतात' यावर गप्पा होत्या. बोलणार होत्या सुगंधाताई, जवळच्याच हाटकेश भागात राहणाऱ्या विज्ञानाच्या निवृत्त बाई. महिनाभर खपून त्यांनी तयारी केलेली. मुलं वह्या घेऊन पुढे बसलेली. पण आधी सत्कार नकोत का? अध्यक्षांचा झाला, खजिनदारांचा झाला, माइकवाल्याचासुद्धा झाला! तासातली पन्नास मिनिटं त्यातच गेली. शेवटी मी बाईंच्या खांद्यावर पडले, तेव्हा उत्तमराव म्हणाले, "मॅडम, दहा मिनिटांत आवरा हां. आठला गरब्याची प्रॅक्टिस आहे." निर्लज्ज माणूस!

बाईंचा चेहरा पडला. मग त्यांनी लॅपटॉप सरळ मिटला आणि मला खांद्यावरून ओढलं.

"हे गोळे बघा," त्या मुलांना म्हणाल्या. "सुटे तंतू जवळ आले, गुंतले, गोळा झाला. आकाशात वायू आणि धूळ अशीच जवळ येते, गुरुत्वाच्या ओढीने. गोळा आतल्या आत दाबला जातो, तापतो, आणि एक दिवस पेटतो. तो तारा."

ज्या गोळ्यांची मला लाज वाटायची, तेच बाई मिरवत होत्या! मग मला कमरेला बांधून त्यांनी, साठीच्या बाईंनी, गरकन गिरकी घेतली. मी गोल पसरले.

"फिरणारा ढग असाच पसरून चपटा होतो. आपली आकाशगंगा अशीच घडली."

मुलं हसता हसता वह्यांत गोल काढू लागली. सान्वी नावाची मुलगी उठून म्हणाली, "बाई, यात आपण कुठे?"

बाईंनी थांबून माझ्यावरचा एक गोळा दाखवला. "हा सूर्य समज. आपण याच्या शेजारी, दिसणारसुद्धा नाही इतके लहान."

अध्यक्ष, खजिनदार सगळे त्यातच आले. मला काय बरं वाटलं म्हणून सांगू!

आठ वाजले. उत्तमरावांनी सवयीने हात पुढे केला. "मॅडम, शाल?"

"सत्कार माझाच केलात ना? मग शाल माझी," म्हणत बाई मला लपेटून चालू लागल्या.

आता पहाटे गार वाटलं की मी त्यांच्या पायांवर असते. सोसायटीने नवी शाल आणलीय म्हणे. बिचारी! तेव्हा पुढच्या कार्यक्रमात नुसते टाळ्या वाजवत बसू नका. तिच्यासाठी तरी उठा आणि विचारा, "अहो, तारे कधी सुरू होणार?"